‘युरोपात बंदी आहे’ एवढ्याने भागत नाही: दुसऱ्या देशांचे निष्कर्ष आपल्या अहवालात कसे वापरायचे

जनसुनावणीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "साहेब, यावर युरोपात बंदी आहे." समोरून उत्तरही ठरलेलं असतं: "तिकडची परिस्थिती वेगळी आहे." दोघंही खाली बसतात आणि विषय तिथेच मिटतो. खरं तर दोघांचंही म्हणणं अर्धवट असतं, आणि उरलेलं अर्धं काम कागदावर करणं कोणी मनावर घेतलेलं नसतं.

ते काम कसं करायचं ते इथे सांगतो. सल्लागार कंपनीत नुकतेच रुजू झालेले, संस्थांमध्ये काम करणारे, पर्यावरणावर लिहू लागलेले पत्रकार, गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीत नाव लागलंय आणि आता टिपण लिहायची वेळ आलीय असे लोक डोळ्यांसमोर आहेत. प्रत्येक रसायनाचा प्रत्येक प्राण्यावर, प्रत्येक मातीत स्वतंत्र अभ्यास आपल्याकडे होणार नाही. तेवढा पैसा नाही, प्रयोगशाळा नाहीत, आणि अहवाल तर पुढच्या आठवड्यात हवा असतो. तेव्हा दुसऱ्यांनी केलेलं काम वापरणं आलंच. त्यात कमीपणा काही नाही. अमेरिकेने २००१ साली पिण्याच्या पाण्यातल्या आर्सेनिकची मर्यादा लिटरला ५० मायक्रोग्रॅमवरून १० वर आणली, तेव्हा कर्करोगाच्या हिशोबाचा मुख्य आधार होता तैवानच्या नैऋत्येकडच्या खेड्यांमधला अभ्यास.

माझा सल्ला थोडक्यात असा: तिकडची मोजमापं घ्या, तिकडचा निर्णय जसाच्या तसा उचलू नका.

आधी प्रश्न एका वाक्यात लिहून काढा

शोधाशोध सुरू करण्याआधी वहीत एक वाक्य लिहा. कशाचा धोका, कोणाला, कोणत्या वाटेने, कुठे. "डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक घातक आहे का?" हा प्रश्न झाला नाही. "रायगडमधल्या गिधाडांच्या वसाहतीजवळ मेलेली गुरं उघड्यावर टाकली जातात, मरण्यापूर्वी त्यांना टोचलेल्या वेदनाशामकामुळे तिथल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांना धोका आहे का?" हा झाला प्रश्न. हेच उदाहरण पुढे बराच वेळ हाताशी ठेवू, कारण गिधाडांच्या बाबतीत माहिती सगळ्या दिशांनी प्रवास करून आली आहे: पाकिस्तानातून भारतात, दक्षिण आफ्रिकेतून भारतात, आणि भारतातून स्पेनमध्ये.

या वाक्यातला प्रत्येक शब्द पुढे चाळणीसारखा वापरायचा आहे. परदेशी अहवाल कितीही जाडजूड असो, त्यातली जी माहिती या वाक्यातल्या एकाही शब्दाला लागू पडत नाही, ती बाजूला ठेवायची.

बंदी म्हणजे पुरावा नव्हे, परवानगी तर अजिबात नव्हे

नवख्यांची सगळ्यात जास्त गल्लत इथे होते. युरोपीय संघाने १९९३ पूर्वी बाजारात असलेल्या सुमारे १००० कीडनाशक घटकांची फेरतपासणी केली. ती २००९ मध्ये संपली तेव्हा त्यातले सुमारे तीन चतुर्थांश घटक बाद झाले होते. ऐकायला भारी वाटतं. पण बहुतेक बाद झाले ते कंपन्यांनी कागदपत्रं दिलीच नाहीत, अपुरी दिली किंवा अर्ज मागे घेतला म्हणून. तपासणी होऊन माणसाच्या किंवा पर्यावरणाच्या दृष्टीने सुरक्षित नाहीत असं ठरलेले घटक साधारण ७० होते. म्हणजे "युरोपात बंद" या दोन शब्दांमागे विषारीपणाचा भक्कम पुरावाही असू शकतो, किंवा "या जुन्या मालात आता नफा नाही, अभ्यासावर कोण खर्च करणार" हा कंपनीचा व्यापारी हिशोबही असू शकतो. तुमच्या टिपणात यातलं काय आहे ते आलंच पाहिजे.

आपल्याकडेही हे सरकारी पातळीवर होऊन गेलं आहे. एक किंवा अधिक देशांत बंदी, निर्बंध किंवा माघार झालेली आणि तरीही भारतात वापरात असलेली ६६ कीडनाशकं तपासायला केंद्राने २०१३ मध्ये डॉ. अनुपम वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने त्यातली १३ बंद करा म्हटलं, ६ टप्प्याटप्प्याने २०२० पर्यंत बंद करा म्हटलं, २७ चा अधिक अभ्यास मागवून २०१८ मध्ये फेरविचार करा म्हटलं आणि १८ चालू राहू द्या म्हटलं. हे वाटप सगळ्यांनाच पटलं असं नाही, मलाही काही ठिकाणी ते फार सैल वाटतं. पण परदेशातली बंदी हे तपासणीला बसण्याचं कारण आहे, तपासणीचा निकाल नव्हे, एवढं त्यातून दिसतं.

उलट्या बाजूनेही तेच. "ऑस्ट्रेलियात परवानगी आहे" याचा अर्थ ऑस्ट्रेलियातल्या लेबलवर लिहिलेल्या पिकाला, लिहिलेल्या मात्रेत, लिहिलेली संरक्षक साधनं घालून वापरलं तर चालेल, असा असतो. लेबल वाचल्याशिवाय परवानगीचा दाखला देऊ नका.

बातमी नको, मूळ दस्तऐवज उघडा

कुठे पाहायचं? कीडनाशकांसाठी युरोपची अन्न सुरक्षा संस्था (ईएफएसए), अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था (ईपीए), आणि कीडनाशकांना परवानगी देणाऱ्या संस्था: कॅनडाची पीएमआरए, ऑस्ट्रेलियाची एपीव्हीएमए. अन्नात उरणाऱ्या कीडनाशकांच्या अंशांसाठी जागतिक आरोग्य संघटना आणि एफएओ यांची संयुक्त बैठक, जेएमपीआर. इतर रसायनांसाठी युरोपची रसायन संस्था (ईसीएचए). हे सगळं फुकट वाचता येतं.

ईएफएसएचा निष्कर्ष उघडलात की सारांश वाचून थांबू नका. शेवटी जोडलेल्या परिशिष्टांत ‘लिस्ट ऑफ एंडपॉइंट्स’ असते. खरा माल तिथे आहे: कोणत्या जिवावर, किती मात्रेला, किती तासांत काय झालं, मातीत अर्धं संपायला किती दिवस लागले, कोणत्या तापमानाला. हे कोष्टक डाउनलोड करा. मग मुख्य मजकुरातले दोन भाग शोधा: कोणती माहिती मिळालीच नाही त्याची यादी (‘डेटा गॅप्स’), आणि कोणते मुद्दे अनिर्णित राहिले त्याची यादी. बंदीच्या बातमीत "मधमाश्यांना धोका" असं छापून येतं. दस्तऐवजात मात्र "भूजलाचा मुद्दा माहितीअभावी पूर्ण करता आला नाही" असं निघतं. दोन्हींचा अर्थ फार वेगळा होतो.

आणि फक्त श्रीमंत देशांकडे पाहू नका. श्रीलंका, थायलंड, ब्राझील, पश्चिम आफ्रिकेतले साहेल पट्ट्यातले देश यांची पिकं, ऊन आणि फवारणीची पद्धत आपल्याला जास्त जवळची आहे. त्यांचे अहवाल बारीक असतात, कधी फ्रेंच किंवा पोर्तुगीजमध्ये असतात, पण भाषांतराची सोय आता मोबाइलवर आहे.

निष्कर्षाचे दोन तुकडे करा: विष किती आणि पोचतं किती

कुठलाही धोका या दोन भागांनी बनतो. पहिला भाग बऱ्यापैकी प्रवास करतो. दुसरा जवळजवळ करतच नाही. एवढं पक्कं झालं की पुढचं काम सोपं.

आता गिधाडं. नव्वदच्या दशकात भरतपूरला आणि मग देशभर गिधाडं दिसेनाशी होऊ लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातली संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घसरली. कारण कळत नव्हतं. बराच काळ संसर्गाचा संशय होता. ते सापडलं पाकिस्तानच्या पंजाबात. मेलेल्या पक्ष्यांच्या पोटात अवयवांवर युरिक आम्लाचे पांढरे थर साचलेले होते, म्हणजे मूत्रपिंडं निकामी झाली होती. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे थर असलेल्या २५ पक्ष्यांची तपासणी झाली, पंचविसांतही डायक्लोफिनॅक सापडलं. इतर कारणांनी मेलेल्या १३ पक्ष्यांपैकी एकातही नाही. मग औषध दिलेल्या जनावरांचं मांस गिधाडांना खाऊ घालून तोच परिणाम होतो हेही पाहिलं गेलं.

हा निष्कर्ष सीमेच्या या बाजूला लागू होतो का? विषारीपणापुरता प्रश्न जवळपास सुटलेलाच होता, कारण प्रजाती तीच होती. तरीही भारत आणि नेपाळमधले मेलेले पक्षी तपासून तेच थर आणि तेच औषध सापडतं याची खात्री करून घेतली गेली. अशी छोटी खात्री नेहमी करावी; खर्च कमी आणि वाद मिटवण्याची ताकद मोठी.

प्रजाती बदलली की मात्र सावध व्हा. अमेरिकेतल्या टर्की व्हल्चर या पक्ष्याला डायक्लोफिनॅक देऊन पाहिलं, त्याला फारसं काही झालं नाही. नावात ‘व्हल्चर’ आहे म्हणून तो आपल्या गिधाडांचा नातेवाईक ठरत नाही; तो वेगळ्याच कुळातला. याउलट आफ्रिकेतलं पांढऱ्या पाठीचं गिधाड आणि युरोपातलं ग्रिफन हे आपल्या गिधाडांच्याच जिप्स वंशातले, आणि तेही तितकेच नाजूक निघाले. म्हणूनच पर्यायी औषध मेलोक्सिकॅमची चाचणी आधी दक्षिण आफ्रिकेत आफ्रिकी गिधाडांवर झाली आणि मग भारतात आपल्या गिधाडांवर. दुर्मीळ पक्ष्यांवर थेट प्रयोग न करता जवळच्या नातेवाइकावरून सुरुवात करायची, ही दुसऱ्या देशाची माहिती वापरायची फार शहाणी रीत होती. २००६ मध्ये भारत, पाकिस्तान आणि नेपाळने जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली.

आता उलट प्रवास पाहा. स्पेनने २०१३ मध्ये हेच औषध जनावरांसाठी मंजूर केलं. ग्रिफनला ते मारतं हे तोवर प्रयोगाने माहीत होतं, त्यामुळे विषारीपणावर वाद नव्हता. सगळी भिस्त दुसऱ्या तुकड्यावर होती: आमच्याकडे मेलेली जनावरं नियमाप्रमाणे उचलली जातात, औषध पशुवैद्याच्या चिठ्ठीवर मिळतं, सबब ते गिधाडांपर्यंत पोचणार नाही. युक्तिवाद म्हणून यात गैर काही नाही. भारत आणि स्पेन यांच्यात फरक खराच आहे. पण स्पेनमध्ये गिधाडांसाठी मृत जनावरं मुद्दाम ठेवण्याच्या जागाही आहेत, आणि युरोपातली बहुतेक गिधाडं त्याच देशात आहेत. २०२० मध्ये कॅटालोनियात काळ्या गिधाडाचं एक पिल्लू घरट्यात मेलेलं सापडलं. त्याच्या अंगात डायक्लोफिनॅक होतं. नियम कागदावर आहे म्हणजे पोचण्याची वाट बंद झाली, असं धरून चालता येत नाही. आपल्या अहवालांत "कचऱ्याची विल्हेवाट नियमानुसार केली जाईल" हे वाक्य दिसलं की मला हे पिल्लू आठवतं.

फरकांची यादी करा, आणि प्रत्येक फरक कुठे ढकलतो ते लिहा

इथे बहुतेक टिपणं ढेपाळतात. "हवामान, माती व वापराच्या पद्धती भिन्न असल्याने थेट तुलना करता येत नाही" असं एक वाक्य टाकलं की लेखकाला वाटतं सावधगिरी बाळगली. तसं काही नसतं, ते फक्त हात झटकणं असतं. वहीत तीन रकाने आखा: तिकडे काय, इकडे काय, आणि या फरकाने धोका वाढतो, कमी होतो की सांगता येत नाही. तिसरा रकाना भरल्याशिवाय पुढे जायचं नाही.

तापमानाचं घेऊ. युरोपच्या कागदात मातीतला अर्धायुष्य-काळ २० अंश सेल्सिअसला आणून दिलेला असतो. तापमान १० अंशांनी वाढलं की विघटनाचा वेग २.५८ पट होतो, असा आकडा ईएफएसए वापरते. तिकडे ६० दिवस असतील तर ३० अंशांच्या आपल्या मातीत ६० भागिले २.५८, म्हणजे साधारण २३ दिवस. धोका कमी. इथे थांबलात तर कंपनीचा सल्लागार खूश होईल. पण हे गणित माती ओली आहे आणि त्यातले जिवाणू काम करताहेत असं धरून चालतं. मराठवाड्यात एप्रिलमध्ये माती तापलेली असते तशी कोरडी ठणठणीतही असते. जिवाणूंचं काम मंदावतं आणि २३ चा आकडा टिकत नाही. म्हणून एकाच रकान्यात दोन ओळी: खरिपात कमी, उन्हाळ्यात सांगता येत नाही. आणि पहिल्या पावसाच्या लोंढ्यात ते ओढ्यात जाईल का, ही तिसरी ओळ.

वापराच्या पद्धतीत तर एक वाट बंद होऊन दुसरी उघडते. २००८ मध्ये जर्मनीत ऱ्हाइनच्या खोऱ्यात मक्याच्या पेरणीच्या वेळी मधमाश्या मोठ्या प्रमाणावर मेल्या. बियाण्याला लावलेलं क्लोथियानिडिन हवेच्या दाबावर चालणाऱ्या पेरणी यंत्रातून धूळ होऊन उडालं आणि शेजारच्या फुलांवर बसलं. पुढे क्लोथियानिडिन ज्या निओनिक गटात मोडतं, त्यातल्या तीन कीडनाशकांच्या उघड्यावरच्या वापरावर युरोपने २०१८ मध्ये बंदी आणली. आपल्याकडे बीटी कपाशीचं बियाणं इमिडाक्लोप्रिड लावूनच पाकिटात येतं. म्हणजे तोच गट. पण विदर्भात कपाशीची टोबणी हाताने होते. यंत्राची धूळ नाही, तेव्हा जर्मनीतली ती वाट इथे जवळपास नाहीच. मात्र रंगवलेलं बी उघड्या बोटांनी एकेक करून जमिनीत टाकणाऱ्या बाया आहेत, आणि त्याच हातांनी शेतावर भाकरी खाल्ली जाते. ही वाट जर्मन अहवालात नव्हतीच. शिवाय तिथला सगळा हिशोब पेट्यांतल्या युरोपीय मधमाशीचा. आपल्या आग्या आणि फुलोरी माश्या उघड्यावर पोळं करतात; "फवारणीच्या वेळी पेट्या बंद ठेवा" हा सल्ला त्यांना कोण आणि कसा देणार?

फवारणीचंही तसंच. परदेशी हिशोबात हातमोजे आणि अंगभर कपडे घातल्यावर धोका किती, हे बऱ्याचदा वेगळं दिलेलं असतं. "साधनांशिवाय" असा रकाना असेल तर आपल्यासाठी तोच वाचायचा. २०१७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. कपाशी माणसाच्या उंचीला गेलेली, हवेत दमटपणा, पाठीवर पंप, तोंडाला फार तर रुमाल, आणि एकाच टाकीत दोन-तीन औषधं मिसळलेली. परदेशी हिशोबातला फवारणीचा नमुना हे सगळं सहसा एकत्र धरत नाही. गुडघ्याएवढ्या पिकावर खाली फवारणारा माणूस आणि डोक्याच्या वर फवारणारा माणूस यांच्या अंगावर पडणारं औषध सारखं नसतं, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. ते लिहा, आणि दिशा लिहा: वाढतो.

आहार आणि पाणीही विसरू नका. तैवानचे आर्सेनिकचे आकडे अमेरिकेसाठी वापरताना ईपीएने तैवानी पुरुष दिवसाला ३.५ लिटर पाणी पितो असं धरलं, शिवाय भात शिजवताना पोटात जाणारं पाणी वेगळं मोजलं, आणि मग अमेरिकी माणसासाठी हिशोब बदलला. उन्हात काम करणाऱ्या आपल्या मजुरासाठी हाच आकडा पुन्हा उलट फिरवावा लागेल. वजनाचं तर साधं भागाकाराचं काम: मात्रा किलोमागे दिलेली असते, आणि ७० किलोचा माणूस धरलेला हिशोब ४५ किलोच्या बाईला लावून चालत नाही.

एक तरी आकडा स्वतःच्या मातीतला हवा

सगळं परदेशातून आणता येतं, पोचतं किती ते मात्र आणता येत नाही. म्हणून असा एकच स्थानिक आकडा शोधा की जो मिळाला तर निकाल लागेल. कोणता, ते परदेशी अभ्यासच सांगतो.

गिधाडांच्या बाबतीत गणिताने आधी हे काढलं होतं की मेलेल्या गुरांपैकी १ टक्क्याहूनही कमी गुरांत मारक प्रमाणात डायक्लोफिनॅक असलं तरी एवढी घसरण होऊ शकते. मग प्रश्न राहिला एकच: भारतात हे प्रमाण किती? २००४-०५ मध्ये १२ राज्यांतून मेलेल्या गुरांच्या यकृताचे १८४८ नमुने गोळा झाले आणि सुमारे १० टक्क्यांत औषध सापडलं. या १० टक्क्यांतलं प्रत्येक जनावर मारक होतं असं नाही, पण १ टक्का आणि १० टक्के यांत एवढं अंतर होतं की आकडेमोडीतल्या बारीक शंकांना जागाच उरली नाही.

तुम्हाला १८४८ नमुने जमणार नाहीत, आणि लागतही नाहीत. आपल्या रायगडच्या प्रश्नासाठी तालुक्यातल्या औषध दुकानांत जाऊन गुरांच्या दुखण्यासाठी काय देता हे विचारणं हाच पहिला स्थानिक आकडा. असंच विचारत फिरल्यावर कळलं होतं की बंदीनंतरही माणसांसाठीच्या डायक्लोफिनॅकच्या मोठ्या कुप्या गुरांना वापरल्या जात होत्या; २०१५ मध्ये सरकारने माणसांच्या इंजेक्शनची कुपी ३ मिलिलिटरपुरती मर्यादित केली ती यामुळेच. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या नोंदवह्या, मेलेली जनावरं ओढून नेणारी माणसं, गोशाळेचा औषधसाठा यांतून जे कळतं ते कुठल्याच आंतरराष्ट्रीय अहवालात नसतं.

जिथे परदेशी अनुभव जवळजवळ पुरतो

बाहेरून येणाऱ्या वनस्पतींच्या बाबतीत मी इतका काटेकोरपणा करत नाही. ऑस्ट्रेलियाने तण ठरू शकणाऱ्या वनस्पती ओळखायला जी प्रश्नावली केली, तिच्यात "दुसरीकडे कुठे तण ठरली आहे का?" या प्रश्नाला मोठं वजन आहे, आणि ते योग्यच आहे. गाजर गवत १९५५ च्या सुमारास पुण्यात दिसलं आणि पुढे काय झालं ते आपण रोज रस्त्याकडेला पाहतो. अशा ठिकाणी स्थानिक पुराव्याची वाट पाहणं म्हणजे झाड लावून बी पसरण्याची वाट पाहणं.

त्या गवतावर सोडलेला भुंगेरा मात्र वेगळी तऱ्हा सांगतो. झायगोग्रामा नावाचा हा कीटक मेक्सिकोतून १९८३ मध्ये बंगळुरूला आणला, इथल्या पिकांवर चाचण्या करून मग सोडला. तरीही पुढे तो सूर्यफुलाच्या पानांवर दिसला आणि बराच गदारोळ झाला. वनस्पती उपद्रवी आहे हा निष्कर्ष देश ओलांडून येतो. एखादा कीटक फक्त तेवढंच खाईल हा निष्कर्ष इथलं प्रत्येक जवळचं पीक दाखवून पुन्हा तपासावा लागतो.

लिहिताना

आंतरराष्ट्रीय कायद्यात या सगळ्याची एक तयार चौकट आहे, ती वापरा. घातक रसायनांच्या व्यापाराबद्दलचा रॉटरडॅम करार १९९८ मध्ये झाला, २००४ मध्ये लागू झाला, भारत २००५ मध्ये त्यात आला. एखाद्या देशाने बंदीची सूचना पाठवली की कराराची तज्ज्ञ समिती तीन गोष्टी विचारते: माहिती मान्य शास्त्रीय पद्धतीने मिळवली आहे का, तिचं परीक्षण नीट नोंदवलं आहे का, आणि निर्णय त्या देशातल्या प्रत्यक्ष परिस्थितीतल्या धोक्यावर आधारलेला आहे का. गरीब देश हा तिसरा निकष पार करताना अडखळतात, कारण स्वतःचा अभ्यास नसतो. तेव्हा दुसऱ्या देशाचं मूल्यमापन आणि आपली परिस्थिती यांना जोडणारी माहिती त्यांनी द्यावी, अशी सोय समितीने ठेवली आहे: आमच्याकडेही तेच पीक, तीच मात्रा, तोच पंप, साधनं त्याहून कमी, नदी तितकीच जवळ. तुमच्या टिपणातला मधला परिच्छेद म्हणजे हीच जोडणी.

नमुना द्यायचा तर असा: "पाकिस्तान व भारतातील अभ्यासांनुसार डायक्लोफिनॅक याच प्रजातीला मारक आहे (खात्री जास्त). दक्षिण आफ्रिकेतील चाचण्यांत जवळच्या प्रजातीवर हाच परिणाम दिसला. परिसरात मेलेली गुरे उघड्यावर टाकली जातात; स्पेनप्रमाणे उचलण्याची व्यवस्था नाही (धोका वाढतो). तालुक्यातील दुकानांत गुरांसाठी कोणती वेदनाशामके विकली जातात याची पाहणी केली. निष्कर्ष सोबत जोडला आहे (खात्री मध्यम)." कंसातली खात्री किंवा धोक्याची दिशा प्रत्येक महत्त्वाच्या वाक्यापुढे लिहा. संपूर्ण अहवालाला एकच ‘मध्यम’ शिक्का मारला तर कोणतं वाक्य कच्चं आहे ते वाचणाऱ्याला कळत नाही, आणि विरोधी वकिलाला नेमकं तेच हवं असतं.

तारीख घालायला विसरू नका. डायक्लोफिनॅकच्या जागी आलेली सगळी औषधं निर्धोक नव्हती. ॲसिक्लोफिनॅक गुरांच्या शरीरात जाऊन डायक्लोफिनॅकच होतं. त्यावर आणि कीटोप्रोफेनवर जनावरांसाठी भारतात २०२३ मध्ये बंदी आली. तुमच्या हातातलं २०१२ चं परदेशी कोष्टक ‘पर्याय’ म्हणून यांची नावं देत असेल, तर ते कोष्टक आज घातक सल्ला देतंय. दरवेळी मूळ संस्थेच्या पानावर जाऊन नवी आवृत्ती आहे का ते पाहा.

राहिला तो जनसुनावणीतला माणूस, "आमच्याकडची परिस्थिती वेगळी आहे" म्हणणारा. त्याच्याशी वाद घालू नका. तीन रकान्यांचा कागद पुढे करा आणि विचारा: कोणती परिस्थिती वेगळी, किती वेगळी, आणि त्यामुळे धोका वाढतो की कमी होतो? उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यायला सांगा. "कमी होतो" असं उत्तर आलं तर ते कोणत्या मोजमापावरून, हेही त्याच ओळीत लिहून घ्यायचं.